गावात एकच ब्रोकर आणि तोही आधी पैसे मागतो

आपण कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटातल्या एका लहान गावात राहण्यासाठी घर ठरवले आहे. गावात मॉर्टगेज ब्रोकर, म्हणजे घरकर्ज मिळवून देणारा मध्यस्थ, एकच असून, अर्ज भरून घेतल्यावर त्याने ‘फाइल उघडण्याचे’ 750 डॉलर मागितले आणि ते मिळेपर्यंत खर्चाचा लेखी तपशील देणार नाही असे सांगितले. घरखरेदीच्या करारातील कर्जमंजुरीची मुदत जवळ आल्यामुळे पैसे भरून मोकळे व्हावे का, असे आपण विचारता. माझे उत्तर स्पष्ट आहे: भरू नयेत.

नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी क्रमांक, घराचा पत्ता, घराची अंदाजे किंमत आणि हवी असलेली कर्जाची रक्कम, एवढी माहिती दिली की संघराज्याच्या नियमांनुसार अर्ज झाला असे धरले जाते आणि तेव्हापासून कामकाजाच्या 3 दिवसांत ‘लोन एस्टिमेट’, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा लेखी अंदाज, पाठवावेच लागते. ते हाती येऊन आपण पुढे जाण्याची संमती कळवेपर्यंत क्रेडिट रिपोर्टच्या (आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालाच्या) वाजवी खर्चाखेरीज कोणतेही शुल्क घेता येत नाही, मग त्या शुल्काला नाव काहीही दिलेले असो. अर्जाची तारीख नमूद करून या कागदाची मागणी आजच ईमेलने करावी. तोंडी बोलणे पुढे सिद्ध करता येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ब्रोकरचा परवाना गावाचा नसतो, राज्याचा असतो. कॅलिफोर्नियात काम करण्याचा परवाना असलेला कोणताही ब्रोकर, त्याची कचेरी दोनशे मैलांवर असली तरी, आपले काम करू शकतो. परवानाधारकांची नोंद असलेल्या ‘एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेस’ या मोफत संकेतस्थळावर ब्रोकरचा एनएमएलएस क्रमांक घालून परवाना आणि पूर्वीच्या कारवाया तपासाव्यात. दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी अर्ज करावा. 45 दिवसांच्या आत मॉर्टगेजसाठी झालेल्या चौकशा क्रेडिटच्या हिशेबात एकच धरल्या जातात. आलेली एस्टिमेट्स शेजारी-शेजारी ठेवून पहिल्या पानावर मुदतीपूर्व फेडीचा दंड आहे का आणि दुसऱ्या पानावर ‘ए’ विभागात कर्ज देण्याचे शुल्क किती लावले आहे, हे आधी वाचावे. त्याच कर्जावर आपल्याकडून मोबदला घेणाऱ्या ब्रोकरला लेंडरकडूनही (कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनही) तो घेता येत नाही. शिवाय कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम 2923.1 नुसार कर्जदाराचे हित आधी पाहणे हे त्याचे कर्तव्य आहे.

बाहेरच्या ब्रोकरला एक गोष्ट मात्र आपणच आधी सांगायला हवी: पाणी खासगी विहिरीचे आहे का, सेप्टिक टाकी आहे का, आणि घर कारखान्यात बनवून आणून बसवलेले असल्यास ते कायमच्या पायावर आहे का. अशा घरांना काही लेंडर कर्जच देत नाहीत. विरळ वस्तीत तुलनेसाठी अलीकडचे व्यवहार थोडे असल्याने अप्रेझललाही, म्हणजे घराच्या मूल्यांकनालाही, वेळ लागतो.

म्हणून मुदतीचे काम सर्वांत आधी करावे. कर्ज न मिळाल्यास व्यवहारातून बाहेर पडू देणारी करारातील कर्जाची अट अजून काढून टाकली नसेल, तर ती काढू नये. मुदतवाढ लेखी मागावी आणि विक्रेत्याची सही घ्यावी, कारण ती अट गेल्यावर कर्ज नाकारले गेले तर आपली इसाराची रक्कम धोक्यात येते. मुदतवाढ नाकारली गेल्यास, मुदत संपण्यापूर्वी करार एखाद्या वकिलाला दाखवून मगच पुढचे पाऊल उचलावे.