सर्व्हरचा बॅकअप: तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमची पतसंस्था कोल्हापुरात शाहूपुरीत आहे. सर्व्हर तळमजल्यावर. रोज डे-एंड झाल्यावर त्यालाच जोडलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी पडते. गडहिंग्लजला शाखा आहे. क्लाऊड घ्यायलाच हवा का?

क्लाऊडचं नंतर बघू, आधी ती डिस्क सर्व्हरपासून सोडवा. 2019 आणि 2021 चा पूर शाहूपुरीनं पाहिलाय. पाणी आत आलं की सर्व्हर आणि डिस्क दोन्ही एकाच वेळी जातात. पूर नाही आला तरी रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आहेच. ते सर्व्हरवर शिरलं, की जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतं. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कला मी बॅकअप मानत नाही.

दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक कॉपी घेण्यापुरती जोडायची, दुसरी गडहिंग्लजच्या शाखेत. तिथंही हिरण्यकेशी नदी आहेच, तेव्हा डिस्क वरच्या मजल्यावरच्या तिजोरीत ठेवा. सभासदांची खाती त्यात असतात, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती कुणाला वाचता येणार नाही. पासवर्ड एकट्या क्लार्कच्या डोक्यात नको, सीलबंद पाकिटात अध्यक्षांकडेही असू दे.

आता क्लाऊड. डिस्क आठवड्यातून एकदा शाखेत जाणार असेल, तर वाईटात वाईट म्हणजे आठवडाभराच्या नोंदी पुन्हा घालाव्या लागतील. पिग्मीच्या पावत्यांवरून ते जमेल का, हे तुम्हीच ठरवायचं. मला विचाराल तर जमणार नाही. म्हणून रोजच्या डेटाबेस बॅकअपची फाइल रात्री क्लाऊडवर जाऊ दे, आणि जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवस पुसता येणार नाहीत अशी सोय असलेली सेवा निवडा. तरीही डिस्क बंद करू नका. पुरात वीज आणि नेट जातं, तेव्हा क्लाऊडवरचा डेटा असून नसल्यासारखा.

आणखी एक: चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका. सॉफ्टवेअरमधल्या बॅकअपच्या सोयीनंच घ्या, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येते.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं मशिन शॉप आहे. ड्रॉइंग आणि टॅली मिळून 1 टीबी डेटा. अपलोड स्पीड 20 एमबीपीएस. सगळं क्लाऊडवर टाकावं का?

हिशेब करा. 1 टीबी म्हणजे 80 लाख मेगाबिट. सेकंदाला 20 या वेगानं 4 लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त, तेही लाइन अखंड चालली तर. पहिली कॉपी कशीतरी जाईल. पण सर्व्हर गेल्यावर सगळं परत उतरवायला किती वेळ लागेल, आणि तेवढे दिवस शॉप थांबेल का? मी ड्रॉइंगसाठी ऑफिसात वेगळ्या जागी नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) ठेवेन आणि क्लाऊडवर फक्त टॅली आणि चालू ऑर्डरची ड्रॉइंग पाठवेन. बाकीची ड्रॉइंग महिन्याला डिस्कवर घेऊन मालकाच्या घरी.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. 2022 पासूनचा हा नियम आहे. क्लाऊडवाल्याकडून डेटा सेंटरची जागा लेखी घ्या.

प्रश्न : शाळेच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्कचं मिररिंग आहे. वेगळा बॅकअप हवा का?

हवाच. मिररिंग म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिणं. त्यामुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं, एवढंच. कुणी चुकून दहावीच्या गुणांचं फोल्डर पुसलं, तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून पुसलं जातं.

प्रश्न : आमच्या हॉस्पिटलचा रोजचा पूर्ण बॅकअप सकाळी ओपीडी सुरू झाली तरी संपत नाही. काय करावं?

रविवारी पूर्ण बॅकअप घ्या, इतर दिवशी रविवारनंतर बदललेलं तेवढंच. याला डिफरन्शियल म्हणतात. परत आणताना रविवारचा संच आणि शेवटच्या दिवसाचा, असे दोनच लागतात. इन्क्रिमेंटल आणखी लवकर होतो, कारण त्यात आदल्या बॅकअपनंतरचंच असतं. पण तिथं मधल्या प्रत्येक दिवसाचा संच शाबूत हवा, एक खराब निघाला की पुढचे निरुपयोगी. रात्री बाराला कॅज्युअल्टीत एकटा माणूस असतो, त्याला दोन संच लावणं सोपं जाईल, म्हणून मी तुम्हाला डिफरन्शियलच सुचवेन.

आणि तीन महिन्यांतून एकदा जुन्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून पाहा. ‘बॅकअप सक्सेसफुल’ या मेसेजवर थांबू नका. एखाद्या पेशंटचा कालचा रिपोर्ट उघडतो का बघा, किती तास लागले ते वहीत लिहा, आणि ही चाचणी दर वेळी वेगळ्या कर्मचाऱ्याकडून करून घ्या.