जुन्या वळणाच्या, रक्ताने माखलेल्या झॉम्बीपटात दाद देण्यासारखं असतं काय? तो बघायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की मित्रांच्या आग्रहाखातर ऐंशीच्या दशकाच्या धाटणीवर नव्याने काढलेला एक झॉम्बीपट पाहिलात. आतडी बाहेर आली की शेजारचे टाळ्या पिटत होते आणि तुम्हाला नुसती किळस येत होती. (मी मुद्दाम 'झॉम्बी' लिहितोय. 'झोंबी' म्हटलं की मराठीत झटापट सुरू होते.)

किळस आली यात तुमचं काही चुकलं नाही. ती यावी म्हणूनच तो सगळा खटाटोप असतो. पण शेजारचे टाळ्या देत होते त्या हातचलाखीला. या जातीच्या चित्रपटात प्रत्येक जखम कॅमेऱ्यासमोर, हाताने केलेली असते. फसली तर कपडे, केस, भिंत, फरशी धुऊन सगळी मांडामांड पुन्हा करावी लागते. त्यामुळे बहुतेक जखमांना एक-दोनच संधी मिळतात. मी असा चित्रपट बघताना आधी एवढंच बघतो: फसवणूक चालू असताना कॅमेरा किती वेळ तिथेच थांबला?

कोयता डोक्यात बसण्याचा साधा प्रसंग घ्या. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे कोयता उगारला, कट, बघणाऱ्याची किंकाळी, कट, खाली पडलेला देह. यात काहीच करावं लागत नाही. त्याहून वरची पद्धत म्हणजे पात्याला डोक्याच्या आकाराची अर्धगोल खाच कापायची, ते पातं कपाळावर बसवायचं आणि खाचेच्या कडेने नळीतून रक्त सोडायचं. इथे घाव येतो एका शॉटमध्ये आणि रुतलेलं पातं दुसऱ्यात, मधला कट आवाजाखाली लपवतात. तिसरी पद्धत उलट्या चित्रणाची: पातं आधीच कपाळाला टेकवून ठेवायचं, झटक्यात मागे ओढायचं आणि तो तुकडा उलटा चालवायचा. ही ओळखायची असेल तर त्या क्षणी केस, धूर किंवा कपड्याची चुणी कुठल्या दिशेला हलते ते बघा. हात पुढे येतोय आणि धूर खाली उतरतोय असं दिसलं की समजा.

चावा याहून अवघड. गळ्यावर फोमचा किंवा जिलेटिनचा खोटा तुकडा आधीच चिकटवलेला असतो, त्याच्याखाली बारीक नळी जाते आणि फ्रेमच्या बाहेर कोणीतरी पिचकारी किंवा दाबाची टाकी धरून बसलेलं असतं. म्हणून चाव्याच्या आधीच्या शॉटमध्ये पात्राने अचानक कॉलर वर केलेली असते, किंवा मोकळे केस नेमके एकाच खांद्यावर आलेले असतात. चुका ठरलेल्या: घामाने तुकड्याची कड उचलली जाते, मानेचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही, नळीचा फुगवटा दिसतो. सगळ्यात मजेशीर चूक म्हणजे दात टेकायच्या आधीच रक्त सुरू होतं, कारण पंपावरच्या माणसाने घाई केली.

साहित्याचाही फरक कळतो. फोम लेटेक्स म्हणजे फेसाळून, साच्यात ओतून, भट्टीत तासन् तास भाजलेलं रबर. वजनाला हलकं, चेहऱ्याबरोबर हलतं, पण अपारदर्शक. प्रेताच्या निर्जीव कातडीला ते शोभतं, जिवंत माणसाच्या गळ्यावर मात्र रबर वाटतं. जिलेटिनमधून थोडा प्रकाश आरपार जातो म्हणून ते मांसासारखं दिसतं, पण दिव्यांच्या उष्णतेने पाघळतं. सिलिकॉन कातडीच्या सगळ्यात जवळचं, पण जड. शिवाय सगळ्या झॉम्बींना सारखं काम मिळत नाही. कॅमेऱ्याजवळच्या मोजक्यांना पूर्ण प्रोस्थेटिक (म्हणजे चेहऱ्यावर चिकटवलेले खोटे तुकडे), मधल्या रांगेला रंग आणि थोडं लेटेक्स, मागच्या गर्दीला नुसता मुखवटा किंवा राखाडी रंगाचा थर. जमलेल्या चित्रपटात ही उतरंड जाणवत नाही. फसलेल्यात मागचा एखादा झॉम्बी चुकून पुढे येतो आणि मुखवट्याच्या भोकातून त्याच्या डोळ्यांभोवतीची साफ कातडी दिसते.

आता आतडी, ज्यांनी तुमचा मूड घालवला. धड फाटताना आणि चेहरा ओरडताना एकाच फ्रेममध्ये दिसला की विचारा, माणसाचं खरं शरीर कुठे आहे? बहुधा जमिनीच्या किंवा टेबलाच्या खाली. डोकं, खांदे, कधी हात तेवढे भोकातून वर काढलेले असतात आणि गळ्याखालचं धड खोटं, आतून भरलेलं असतं. म्हणून अशा प्रसंगात बळी नेहमी सपाट आडवा असतो आणि कूस बदलत नाही. १९८५ च्या 'डे ऑफ द डेड'मध्ये मेकअप कलावंत टॉम सॅव्हिनी यांनी लष्करी अधिकाऱ्याचा शेवट असाच रचला. धडात डुकराची खरी आतडी भरली होती आणि शीतकपाट मधल्या काळात बंद पडल्यामुळे ती सडली होती. त्या नटाच्या चेहऱ्यावरची वेदना बघताना एवढं ध्यानात असू द्या.

रक्ताबद्दल जरा जास्त लिहितो, कारण चित्रपटाचा स्वभाव तिथे उघडा पडतो. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये चॉकलेट सिरप वापरलं, कृष्णधवल फिल्मवर ते रक्तापेक्षा जास्त रक्त दिसतं. रंगीत चित्रपटांसाठी मेकअप कलावंत डिक स्मिथ यांची कृती पायाभूत ठरली: कॉर्न सिरप, लाल आणि पिवळा खाद्यरंग, टिकण्यासाठी मिथाइल पॅराबेन आणि फोटो धुताना वापरतात ते फोटो-फ्लो. हे शेवटचं कशासाठी? नुसतं सिरप कातडीवर थेंब धरून बसतं, फोटो-फ्लोने ते खऱ्या रक्तासारखं पसरतं. पण त्यामुळे ते तोंडात घेता येत नाही. तोंडातून ओघळणारं रक्त वेगळं बनवावं लागतं, आणि एकाच दृश्यात ओठांवरचं आणि शर्टावरचं रक्त दोन रंगांचं दिसतं त्याचं एक कारण हेही आहे.

हे हाताला कळावं असं वाटत असेल तर वाडगाभर करून बघा. १ कप कॉर्न सिरप, पाव कप कोमट पाणी, १ मोठा चमचा लाल खाद्यरंग, पिवळ्याचे ५-६ थेंब, निळ्याचा १ थेंब आणि १ लहान चमचा कोको पावडर. कोको आधी पाण्यात फेटून घ्या, थेट सिरपमध्ये टाकली तर गुठळ्या राहतात. तिच्यामुळे मिश्रण अपारदर्शक होतं, नाहीतर पातळ थर गुलाबी सरबत वाटतो. निळा एक थेंब जास्त झाला की सगळं जांभळट. पाणी कमी पडलं की बोट उचलताना तार धरते, आणि रक्ताला तार येत नाही. रंग ज्या दिव्याखाली दाखवायचा त्याच दिव्याखाली, पांढऱ्या कागदावर तपासा. कपड्यावर आणि कातडीवर डाग राहतो, तेव्हा जुनेच कपडे घ्या.

एवढं केलं की पडद्यावरचं रक्त तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. खरं रक्त वाळताना तपकिरी पडतं, सिरपचं लालचुटुक आणि चकचकीतच राहतं. १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मधलं रक्त तर पोस्टर रंगासारखं भडक आहे आणि राखाडी रंगवलेले चेहरे कित्येक ठिकाणी निळे दिसतात. ती चित्रकथेच्या पानासारखी रंगसंगती पुढे त्या चित्रपटाची ओळख बनली. जुन्या वळणाचा नवा चित्रपट जेव्हा असं केशरट लाल रक्त वापरतो तेव्हा तो अडाणीपणा नसून नमस्कार असतो.

संगणकाने टाकलेलं रक्त मात्र या जातीत मला खपत नाही. त्याची खूण सोपी आहे: ते हवेत उडतं आणि नाहीसं होतं. मागची भिंत कोरडी, मारणाऱ्याची बाही कोरडी, पुढच्या शॉटमध्ये फरशी लख्ख. खरं द्रव पडलं की नट घसरतो, पापण्या चिकटतात, हातातलं हत्यार निसटतं, आणि त्या धडपडीत अभिनय आपोआप येतो.

जुनं वळण खरं की उसनं, हे मला वाटतं फिल्मच्या ओरखड्यांवरून कळतं. स्वस्त चित्रपटगृहांत त्याच मोजक्या प्रिंट गावोगाव फिरत, म्हणून त्या झिजत. पण झीज सगळीकडे सारखी नसायची. ३५ मिमीचं २००० फुटी रीळ साधारण २०-२२ मिनिटांचं. हाताळणी रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी होते, म्हणून ओरखडे, धूळ, उड्या तिथे जास्त, मध्ये कमी. फिल्म यंत्रातून उभी सरकते, त्यामुळे लांब ओरखडे उभेच. रीळ बदलण्याची खूण वरच्या उजव्या कोपऱ्यात: एक सुमारे ८ सेकंद आधी, दुसरी सुमारे १ सेकंद आधी. नव्या चित्रपटात ओरखड्यांचा एकच तुकडा दर अर्ध्या मिनिटाला फिरून येत असेल, किंवा रुंद पडद्याच्या चित्रावर व्हीएचएसच्या रेघा ओढल्या असतील, तर तो नुसता रंगसफेदीचा मामला. त्या काळची कॅसेट बहुतेक वेळा ४:३ मध्ये कापलेली असे. २००७ च्या 'प्लॅनेट टेरर'ने याच झिजेचा विनोद केला: नेमक्या मोक्याच्या जागी रीळ हरवल्याची पाटी येते आणि गोष्ट पुढे उडी मारते.

वरवरच्या सजावटीपेक्षा त्या काळच्या मर्यादा उचलल्या आहेत का ते बघा. दिवे थोडे, रंगीत जिलेटिन कागद लावलेले, सावल्या खोल. कॅमेरा भिरभिरत नाही. एखादं घर, तळघर, दुकान, एवढ्यातच सगळं. नट गंभीरपणे काम करतात आणि प्रेक्षकाला डोळा मारत नाहीत. हे शेवटचं चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही चित्रपट पडतो, कारण पात्रच घाबरत नसेल तर खोट्या आतड्यांना वजन उरत नाही.

आवाजाची एक युक्ती करून बघा. सगळ्यात किळसवाणा प्रसंग आवाज बंद करून बघा, अर्धी किळस जाते. हाड मोडतं ते सेलरीची जुडी पिळून, कवटी फुटते ती कलिंगड किंवा कोबीवर, मांस ओढलं जातं ते ओल्या चामड्याच्या फडक्याने. मग आवाज चालू करून तोच प्रसंग पुन्हा. तुमच्या मनाला नेमकं काय टोचत होतं ते तिथे समजेल.

बघण्याची व्यवस्थाही महत्त्वाची. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. सेकंदाला २४ फ्रेमवर जो मेकअप तग धरतो तो मधल्या बनावट फ्रेम भरल्यावर रबर दिसतो. जुन्या चित्रपटांच्या ४के आवृत्तीत चेहऱ्यांचे जोड आणि नळ्या दिसतात, त्याचा दोष कारागिरांना देऊ नका. मूळ निगेटिव्हवरून प्रिंटच्या प्रिंट होत, प्रत्येक पायरीला तपशील थोडा विरे, आणि मेकअप त्या विरलेल्या चित्राच्या हिशेबानेच केलेला असे. उलट ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, पुसून टाकलेली आवृत्ती मिळाली तर माणसं आणि झॉम्बी दोघेही मेणाचे होतात.

एखादा चावा अर्ध्यात तुटल्यासारखा वाटला तर आधी चित्रपटाची लांबी तपासा. ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यानंतर असे चित्रपट बरेच कापले गेले. 'डॉन ऑफ द डेड' तर कापाकापी सोडूनही वेगवेगळ्या लांबीचा आहे, अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतली आवृत्ती १२७ मिनिटांची आणि युरोपसाठी इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोने संकलित केलेली त्याहून लहान. जुन्या पाल (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर २४ ऐवजी २५ फ्रेमचा वेग असल्याने १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. तिथे काहीच कापलेलं नसतं.

सामाजिक आशय शोधायलाच हवा का? 'डॉन ऑफ द डेड'मध्ये शॉपिंग मॉलमध्ये भटकणाऱ्या प्रेतांमध्ये ग्राहक दिसतो, ते चित्रपटातच उघड मांडलंय. पण प्रत्येक झॉम्बीपटाच्या पोटात रूपक असतं असं नाही. कित्येकांच्या पोटात फक्त आतडी असतात. आणि झॉम्बी मेंदूच खातात ही समजूत पसरली ती १९८५ च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मुळे. 'नाइट', 'डॉन' आणि 'डे'चे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचे झॉम्बी मिळेल ते मांस खातात.

सुरुवात करायची तर १९६८ चा कृष्णधवल आधी बघा, रंग नसल्याने पोट सांभाळतं. मग १९७८ चा. मग १९९२ चा 'ब्रेनडेड', ज्यात गवत कापायच्या यंत्राचा प्रसंग इतका अतिरेकी आहे की किळस मध्येच कुठेतरी हसण्यात बदलते. १९७९ चा लुचिओ फुल्ची यांचा 'झॉम्बी २' सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात लाकडाच्या ढलपीकडे एका बाईचा डोळा ओढला जातो आणि कॅमेरा हटतच नाही. डोळ्याला इजा होताना तुम्हाला बघवत नसेल तर दार फोडून हात आत आला की नजर वळवा. ढलपी टेकेपर्यंत बराच वेळ मिळतो.