विचारा सिस्टरना : बॉण्डचं वर्ष, महाडचे विंचवाचे डॉक्टर आणि एक कांदाचाळ

प्रश्न : नमस्कार सिस्टर. मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपली आणि आता बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं एक वर्ष सुरगाणा तालुक्यातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आलंय. सासर-माहेरचे सगळे म्हणतात वर्ष वाया गेलं, तिकडे ना धड केसेस ना शिकवायला कोणी सीनियर, पीजीच्या अभ्यासाचं वाटोळं होणार. ती मात्र म्हणते जाऊन तर बघते. मला रात्रीची झोप नाही. काय सांगू तिला? – एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तिला काही सांगू नका, बॅग भरायला मदत करा. सापुताऱ्याला जाताना बोरगावला आपण चहाला थांबतो ना, तो सुरगाणा तालुकाच, म्हणजे पोरगी काही सातासमुद्रापार चाललेली नाही. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, त्यामुळे "तिकडे केसेस नाहीत" हे वाक्य ऐकलं की मला हसूच येतं. केसेस असतात हो, बघणारा पाहिजे.

डॉ. हिंमतराव बावस्करांचंच घ्या. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा शेतकऱ्याचा मुलगा, नागपूरला एमबीबीएस केलं आणि १९७६ ला महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या पीएचसीत लागले, म्हणजे तुमच्या मुलीसारखंच, नवीन डॉक्टर आणि आडगावचं केंद्र. तिथे लाल विंचू चावलेली माणसं यायची, लहान पोरं जास्त, आणि रात्रीतून जायची. विंचवावर औषध नाही असंच तेव्हा सगळे धरून चालायचे, एव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि स्टिरॉइड टोचायचं आणि देवावर हवाला. बावस्कर काय करायचे, तर पेशंटच्या उशाशी बसायचे. नाडी, बीपी, श्वास, घाम किती, हातपाय कधी गार पडले, तासातासाला लिहून ठेवायचं. ह्यातून त्यांच्या लक्षात आलं की माणूस नुसत्या विषाने मरत नाही, त्या विषामुळे अंगातली अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं भसाभस सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी भडकतं, हृदय थकतं आणि मग फुफ्फुसात पाणी भरतं. हे १९८२ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, लॅन्सेट म्हणजे डॉक्टर लोकांत केवढं नाव ते मुलीला विचारा.

मध्ये पुण्याला जाऊन एमडी केलं आणि परत त्याच भागात आले (इथे बरेच जण परत येत नाहीत, हे पण लक्षात घ्या). मग प्राझोसिन. ही मुळात बीपीची साधी गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, ती विंचवाच्या पेशंटला द्यायला लागले आणि माणसं वाचायला लागली. १९८६ ला तेही लॅन्सेटमध्ये आलं, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत. गंभीर पेशंटमध्ये आधी तीस टक्क्यांच्या आसपास मृत्यू व्हायचे ते एक टक्क्यावर आले. पुढे २०११ ला बीएमजे (ब्रिटिश मेडिकल जर्नल) मध्ये ७० पेशंटवरचा अभ्यास आला, प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन दिलं की पेशंट आणखी लवकर सावरतो म्हणून. पद्मश्री मिळाली २०२२ ला, म्हणजे बिरवाडीनंतर किती वर्षांनी ते बघा.

आणि मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट विंचवाची नाहीच. एका पेशंटला एमआरआयला पाठवलं तर सेंटरवाल्यांनी त्यांना १२०० रुपयांचा चेक धाडला, कट म्हणून, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन. त्यांनी तो परत केला आणि वर मेडिकल कौन्सिलकडे तक्रार ठोकली! चेक परत करणारे दोन-चार सापडतीलही, पण आपल्याच धंद्यातल्या लोकांविरुद्ध तक्रार करायला जिगर लागते.

आता मुलीने बावस्करच व्हावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, वर्षभर काम करून ती पीजीला गेली तरी छानच. फक्त एक वही ठेवायला सांगा. आणि तुम्ही काळजी करायचीच तर खरी करा : क्वार्टरचं दार-कडी नीट आहे का, पाणी येतं का, रात्री डिलिव्हरीला सोबत सिस्टर कोण असते, रेंज कुठे मिळते. सीनियर नसले तरी जुन्या एएनएम (गावपातळीवरच्या नर्स) आणि आशाताई असतात, त्यांच्याशी गोडीने राहिली तर अर्धी ओपीडी त्याच शिकवतील.

प्रश्न : सिस्टर, आमची कांदाचाळ आहे, उन्हाळ्यात विंचू निघतात. गावात अजून भगताकडे नेतात. ती प्राझोसिनची गोळी घरात आणून ठेवली तर चालेल का? – एक शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : नाही दादा, घरात ठेवू नका. डोस वजनावर ठरतो आणि बीपी एकदम पडू शकतं, म्हणून पेशंटला आडवं झोपवून, बीपी बघत देतात. नुसती आग-ठणका असेल तरी दवाखान्यात दाखवाच, पण दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ, हातपाय गार असं काही दिसलं तर एक मिनिट घालवू नका, १०८ लावा नाहीतर मिळेल ती गाडी काढा, आणि लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच बघू नका. ब्लेडने चिरणं, दोरीने बांधणं, मिरी-मीठ चोळणं सगळं बंद. आणखी एक, औषध सुरू झाल्यावर चावलेल्या जागी परत ठणका लागला तर घाबरू नका, ते पेशंट सुधारत असल्याचं लक्षण असतं, नातेवाईक मात्र नेमके तेव्हाच डॉक्टरशी भांडायला उठतात. भगताला दुखवायचं नसेल तर त्यालाही गाडीत घ्या, त्याचं तो म्हणेल, पण गाडी दवाखान्यातच गेली पाहिजे. चाळीतल्या फळ्या, गोण्या उचलायच्या आधी काठीने हलवा आणि बूट झटकून घाला.