भेटीनंतर मूल बिघडते तेव्हा

“बाबांना भेटून आली की दोन रात्री अंथरूण ओले करते, धाकट्या भावाला चावते, मग या भेटी हव्यातच कशाला?” असे विचारत एक आजी माझ्याकडे आल्या. नात साडेचार वर्षांची, सांभाळ आजींकडे, आणि वडिलांची भेट न्यायालयाच्या आदेशानुसार देखरेखीखाली, दर पंधरवड्याला एक तास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मूल वडिलांसमोर थिजत असेल, भेटीचे नाव काढताच भेदरत असेल किंवा इजा झाल्याचे सांगत असेल, तर ते देखरेख करणाऱ्या व्यक्तीला आणि न्यायालयाला तत्काळ कळवले पाहिजे. इथे तसे काहीच नव्हते. मुलगी भेटीत रमत असे आणि कोसळत असे ती निरोपानंतर. आईपासून दुरावलेल्या लहान मुलांच्या वागण्यात आधी आकांत, मग निराशा आणि अखेरीस अलिप्तता असा क्रम जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश संशोधकांनी 1952 मध्ये नोंदवला होता. म्हणूनच रडणाऱ्या मुलापेक्षा अचानक ‘शहाणे’ झालेल्या मुलाची मला अधिक काळजी वाटते.

सुरुवातीला चूक माझीच झाली. आधार वाटेल म्हणून मी आजींना खोलीत बसवले, तर मुलगी प्रत्येक वेळी हसण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. बाबांशी खेळलो तर आजी दुखावेल, हे तिने कोणी न सांगताच ओळखले होते. पुढच्या भेटीपासून आजी बाहेर थांबल्या आणि त्यांचा रुमाल तिच्या खिशात गेला.

भेटीची कल्पना तीन दिवस आधी देण्याऐवजी त्याच दिवशी सकाळी, कुठे जायचे, सोबत कोण असेल आणि घरी कोण आणेल, एवढ्याच शब्दांत द्यायची असे ठरले, कारण या वयात ‘परवा’ म्हणजे नुसती लांबलेली धास्ती. “लवकरच तुला घरी नेतो” हे वडिलांचे आश्वासन थांबले. त्याऐवजी “तुझी आठवण येते, भेटून बरे वाटले” एवढेच ते म्हणू लागले. शेवटची दहा मिनिटे दोघांनी मिळून खेळणी आवरण्याची ठरली, म्हणजे निरोप अंगावर कोसळत नाही. परतीच्या वाटेवर “काय म्हणाले बाबा?” हे न विचारणे मात्र आजींना सर्वांत जड गेले.

चार भेटींनंतर दोन रात्रींची एक रात्र झाली. चावणे अजून आहे, पण आता आजी ओरडत नाहीत, तिला जवळ घेऊन म्हणतात, “बाबांना सोडून यावे लागले, त्याचा राग आलाय ना?” मागच्या वेळी ती “खूप” म्हणाली आणि भावाचा हात सोडून रडली.