सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही
वाचकांचे प्रश्न : वाहन आणि निगा

प्रश्न : आमच्याकडे १९९७ सालची कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. घर फोंडा तालुक्यात, कुळागराला (सुपारीच्या बागेला) लागून आहे आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते. पावसाच्या सुरुवातीला उभी केलेली गाडी चतुर्थीच्या आठवड्यात बाहेर काढायला गेलो, तर सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग प्लग आणि मग इग्निशन कॉईल. फरक पडला नाही. मध्ये कडक ऊन पडले त्या दिवशी दुपारी ती एकदा चालू झाली आणि थोड्याच वेळात बंद पडली. सेल्फ मारताना पेट्रोलचा वास येत नाही. आता कार्बोरेटरच नवा घालावा, असा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : कार्बोरेटर तूर्त घेऊ नये. आपल्या पत्रावरून असे दिसते की आतापर्यंत तीन वस्तू बदलल्या गेल्या, पण ठिणगी पडते का आणि पेट्रोल पोहोचते का, हे दोन प्रश्न कोणीच विचारले नाहीत. सेल्फ जोमाने फिरतो म्हणजे बॅटरी, स्टार्टर आणि त्यांच्या जाड तारा बहुधा ठीक आहेत, त्यामुळे बॅटरीवरचा खर्च टाळता आला असता. इंजिनाला आणखी तीन गोष्टी लागतात : हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. यांपैकी काय कमी पडते आहे, हे घरच्या अंगणातही बरेचसे ठरवता येते.

उन्हाच्या दिवशी गाडी चालू झाली, हा आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील आहे, पण तो दोन्हीकडे बोट दाखवतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट पोहोचवणाऱ्या भागात, साचलेला ओलावा उन्हाने सुकला असेल, तर ठिणगी परत आली असेल. आणि टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून शिळे झाले असेल, तर त्याची थंडीत न होणारी वाफ उन्हाच्या उष्णतेने झाली असेल. शिळ्या पेट्रोलमधले हलके, चटकन पेटणारे घटक आधीच उडून गेलेले असतात. लगेच बंद पडणे आणि पेट्रोलचा वास नसणे या दोन गोष्टींमुळे माझा कल पेट्रोलकडे झुकतो, तरीही ठिणगीची तपासणी वगळू नये, कारण पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत दोन्ही बिघाड एकाच वेळी असणे मुळीच नवलाचे नाही.

सुरुवात कानाने करावी. गाडी न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे आणि आपण बाजूला उभे राहून ऐकावे. निरोगी इंजिन फिरताना दाबामुळे आवाजात चढउतार येतो. तो चढउतार नसेल आणि सेल्फ नेहमीपेक्षा वेगाने, एकसुरी घरघरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा आणि सेल्फ मारणे तिथेच थांबवावे. मारुती ८०० मध्ये याची खात्री करणे सोपे आहे. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या, म्हणजे या बेल्टने फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बसवलेला असतो, म्हणून त्याची कॅप काढून अगदी क्षणभर सेल्फ मारला आणि आतला रोटर जागचा हलला नाही, तर बेल्ट गेला असे समजावे. या इंजिनाचा मेकॅनिकल पेट्रोल पंपही कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे बेल्ट तुटला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद होतात आणि पुढचा सगळा शोध व्यर्थ जातो.

रोटर फिरत असेल, तर ठिणगीकडे वळावे. एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग जोडावा, त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवावा आणि प्लास्टिकच्या मुठीच्या पकडीने धरून सेल्फ मारावा. वायर उघडी, हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत त्याने मॉड्यूल जळू शकते, आणि धक्का बसतो तो वेगळाच. जवळपास सांडलेले पेट्रोल नाही, हेही आधी पाहावे. निळसर, तडतडणारी ठिणगी चांगली. पिवळी, मलूल ठिणगी मोकळ्या हवेत दिसली, तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझते.

प्लगवर ठिणगी नाही, पण कॉईलमधून निघणाऱ्या मधल्या जाड वायरला आहे, असे आढळले तर दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. आपल्या गाडीत नेमक्या याच वस्तू अद्याप कोणी हाताळलेल्या दिसत नाहीत. कॅप आतून उजेडात नीट पाहावी. मधला कार्बनचा बारीक दांडा झिजलेला किंवा अडकलेला नाही ना, आणि दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ नाही ना, हे तपासावे. ती रेघ म्हणजे करंटने शोधलेली आडवाट असते. कॅप पुसून ती जात नाही, कॅप बदलावी लागते. नुसता दमटपणा असेल, तर कोरड्या फडक्याने पुसून, केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा देऊन भागते. कुळागराशेजारच्या शेडमध्ये पावसाळ्याचे चार महिने हवा किती ओली असते, हे आपल्याला सांगायला नको.

कॉईलच्या मधल्या वायरलाही ठिणगी नसेल, तर चावी ऑन करून कॉईलच्या पॉझिटिव्ह टोकाला व्होल्टेज येते का, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. येत नसेल, तर फ्यूज, इग्निशन स्विच आणि मधली वायरिंग तपासावी लागेल. शेडमध्ये उंदीर असतील, तर वायरिंगपासूनच सुरुवात करावी, कारण बारीक वायरचे आवरण कुरतडलेले पटकन नजरेत येत नाही. व्होल्टेज येत असूनही ठिणगी नसेल, तर आपल्या इंजिनावर जी व्यवस्था आहे त्याप्रमाणे पॉईंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर, किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तेच काम करणारे मॉड्यूल आणि पिकअप, हे संशयित ठरतात. पॉईंटवर साचलेला पांढुरका थर बारीक कानशीने घासून काढला, की पुष्कळदा गाडी सुरू होते. आणखी एक गोष्ट : प्लग बदलताना वायरींची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाहून घ्यावे. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-२ आहे. वायरी चुकल्या असतील, तर मूळ बिघाडावर दुसरा बिघाड बसला असे होईल आणि पहिला दुरुस्त करूनही गाडी चालू होणार नाही.

आता पेट्रोल. एअर क्लीनरचे झाकण उघडून, इंजिन बंद असताना, कार्बोरेटरच्या घशात पाहत हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे. उडाली नाही, तर बहुधा ते कोरडे आहे. मग पंपाकडून कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून तिचे टोक काचेच्या बाटलीत धरावे आणि कॉईलच्या पॉझिटिव्ह टोकाची बारीक वायर काढून, म्हणजे ठिणगी पडणारच नाही अशी व्यवस्था करून, थोडा वेळ सेल्फ मारावा. जवळ विडी-सिगारेट, दिवा काही नको आणि गाडी बंद शेडमध्ये नको. पेट्रोल ठोक्यागणिक उसळून आले, तर पंप आणि मागची वाट ठीक आहे, आणि दोष कार्बोरेटरच्या आत, म्हणजे पेट्रोल आत सोडणाऱ्या, चिकटलेल्या नीडल व्हॉल्व्हमध्ये किंवा बुजलेल्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) आहे.

पेट्रोल आलेच नाही, तर लगेच पंप बदलू नये. या गाडीत पंप पुढे आणि टाकी मागे आहे, म्हणजे पंप लांबून पेट्रोल ओढतो. त्या वाटेवरची जुनी रबरी नळी भेगाळली असेल, तर तिथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली थेंबही दिसत नाही, म्हणून सगळे त्या नळीला निर्दोष धरतात, आणि माझ्या मते जुन्या गाड्यांतले कितीतरी पंप याच गैरसमजापायी बदलले जातात. नळी काढून, वाकवून पाहावी. फिल्टर नवा घालावा. ती स्वस्तातली वस्तू आहे. टाकीचे झाकण सैल करून पुन्हा प्रयत्न करावा, कारण झाकणाची किंवा टाकीची हवा जाण्याची वाट कुंभारमाशीने मातीने बुजवली, तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल ओढले जात नाही.

बाटलीत आलेले पेट्रोल फेकू नये. ते अर्धा तास स्थिर ठेवून पाहावे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्येच मिसळून राहते. प्रमाण ओलांडले, की पाणी आणि इथेनॉल मिळून एक वेगळा थर तळाशी बसतो. टाकीतली नळी तळाजवळूनच पेट्रोल उचलते, त्यामुळे इंजिनाला आधी तोच थर मिळतो. बाटलीत असे दोन थर दिसले किंवा वार्निशसारखा वास आला, तर वरून नवे पेट्रोल ओतून उपयोग नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, वाट धुऊन, मगच ताजे पेट्रोल भरावे. १९९७ च्या गाडीची रबरी नळी आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, तेव्हा इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी.

ठिणगी चांगली, पेट्रोल ताजे आणि पोहोचणारे, तरीही गाडी चालू होत नसेल, तर प्लग काढून पाहावेत. पुन्हापुन्हा सेल्फ मारून ते ओले झाले असतील, तर पुसून, वाळवून बसवावेत, चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. एअर क्लीनरमध्ये किंवा सायलेन्सरच्या तोंडात उंदराचे घरटे नाही, हेही पाहावे. यानंतरच कॉम्प्रेशन मोजण्याची वेळ येते, आणि ते काम गेज असलेल्या गॅरेजचे आहे.

दोष कार्बोरेटरमध्येच निघाला, तर तो उतरवून साफ करून, नवे गॅस्केट आणि नीडल व्हॉल्व्ह घालून घ्यावा. मूळ कार्बोरेटरचे अंग शाबूत असेल, तर बाजारातल्या नव्या नकली कार्बोरेटरपेक्षा तो केव्हाही चांगला.

प्रश्न : माझी २००५ सालची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल गाडी आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी लावून पंधरावीस मिनिटांनी परत आलो, की दुपारच्या वेळी सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही. अर्ध्या तासाने काहीच न करता चालू होते. गॅरेजमध्ये नेली, की बिघाड सापडत नाही.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : गरम झाल्यावर नडणारा आणि थंड झाल्यावर सुधारणारा बिघाड थंड गाडीत शोधून सापडत नाही, त्यामुळे तपासणी बिघाडाच्या वेळीच करावी लागेल. त्या क्षणी चावी ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्यावा. टाकीतल्या पंपाची सुमारे दोन सेकंदांची गुणगुण ऐकू यायला हवी आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. दिवाच लागत नसेल, तर मेन रिले (करंट जोडणारा विजेचा स्विच) किंवा त्याचा फ्यूज पाहावा. दिवा लागतो पण पंप गप्प आहे, तर पंपाचा रिले पाहावा. रिलेमधले जोड उष्णतेने सुटतात, म्हणून तसाच दुसरा रिले गाडीत ठेवून अदलाबदल करून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

पंप वाजतो आणि तरीही ठिणगी नाही, असे असेल, तर क्रँक किंवा कॅम पोझिशन सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरते आहे हे कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यावा. या सेन्सरची आतली तार तापल्यावर तुटक होते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. बिघाड चालू असताना सेन्सरवर ओले फडके ठेवून तो गार केला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान जवळजवळ झालेच. स्कॅनर उपलब्ध असेल, तर सेल्फ मारताना इंजिनाचे आरपीएम शून्य दिसतात का, एवढेच पाहावे. उलट, चावी तीनचार वेळा ऑन-ऑफ केल्यावर गाडी चालू होत असेल, तर सेन्सरला हात लावू नये. तिथे पेट्रोलचा दाब गाडी उभी असताना उतरतो आहे आणि पंपातला परतवाट रोखणारा व्हॉल्व्ह किंवा गळणारा इंजेक्टर तपासायला हवा.