नेपल्सच्या मुक्कामात काय प्यावे : इर्पिनियाच्या स्थानिक द्राक्षांविषयी

तुमचे दोन प्रश्न आहेत. एक, ऑक्टोबरात नेपल्सला गेल्यावर वाइनच्या यादीतल्या फियानो, ग्रेको, आल्यानिको या अनोळखी नावांतून निवड कशी करायची. आणि दुसरा, ‘दक्षिण इटलीत ऊन फार, म्हणून तिथली वाइन जड आणि बोथट’ हे जे तुम्हाला सांगण्यात आले, ते कितपत खरे आहे. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते कळले की पहिल्याचे बरेचसे आपोआप कळते.

नेपल्सच्या यादीतल्या चांगल्या बाटल्यांपैकी बऱ्याचशा समुद्रकाठच्या नसतात. त्या शहराच्या पूर्वेला, आतल्या डोंगराळ मुलखातून, म्हणजे आव्हेल्लिनो प्रांतातून येतात. या भागाला इर्पिनिया म्हणतात. इथल्या अनेक द्राक्षबागा समुद्रसपाटीपासून 400 ते 600 मीटर उंचीवर आहेत, हिवाळ्यात बर्फ पडते, आणि उन्हाळ्यातही दिवस तापला तरी रात्र गार होते. त्यामुळे द्राक्षे सावकाश पिकतात आणि साखर भरत असताना त्यांतली आम्लता टिकून राहते. तुम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे असाल, तर आल्यानिकोचे घड बहुधा वेलीवरच दिसतील. मोंतेमारानोसारख्या उंच गावात तर त्यांची काढणी नोव्हेंबरपर्यंत चालते. आपल्या नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते आणि पुढे ऊन वाढत जाते. इर्पिनियात मात्र काढणीच्या वेळी थंडी वाढत असते. तेव्हा ‘बोथट वाइन’ हे वर्णन इर्पिनियाला मुळीच लागू पडत नाही. तक्रार करायचीच असेल, तर तरुणपणी ती फार धारदार असते अशी करता येईल.

आता वाण. पांढऱ्यांत माझी पहिली पसंती नि:संशय फियानोला. हे कमी उत्पन्न देणारे, जाड सालीचे, लहान मण्यांचे द्राक्ष विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ विस्मरणात गेले होते, कारण शेतकऱ्याला वजनावर पैसे मिळत असतील तर तो असा वाण कशाला ठेवील? दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेकजण जास्त उत्पन्नाच्या जातींकडे वळत असताना आत्रिपाल्दा गावच्या आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी फियानो, ग्रेको आणि आल्यानिको या स्थानिक जाती धरून ठेवल्या, आणि आजचे त्यांचे स्थान बऱ्याच अंशी त्या आग्रहामुळे आहे. फियानो दि आव्हेल्लिनोला 2003 साली इटलीचा सर्वोच्च दर्जा, म्हणजे डी.ओ.सी.जी., मिळाला. तो 26 गावांच्या हद्दीतल्या बागांना लागू आहे, आणि वाइनमध्ये किमान 85 टक्के फियानो असावे लागते. लापिओ आणि सुम्मोन्ते ही गावे लेबलावर किंवा उत्पादकाच्या पत्त्यात दिसली तर बाटली जरूर मागवा.

ग्रेको दि तुफोलाही त्याच वर्षी तोच दर्जा मिळाला, पण त्याचा परिसर केवळ आठ गावांचा आहे. रंग फियानोपेक्षा गडद, अंग भरदार, आणि पांढऱ्या वाइनमध्ये सहसा न जाणवणारा किंचित तुरटपणा. तुफो गावात एकोणिसाव्या शतकापासून गंधकाच्या खाणी होत्या, आणि ‘वाइनमध्ये गंधक जाणवते बघा’ असे सांगणारा विक्रेता तुम्हाला हमखास भेटेल. ऐकून घ्या, विश्वास ठेवू नका. वेलीची मुळे जमिनीची चव उचलून मण्यात नेत नाहीत.

या दोन्हींबाबत माझे ठाम मत असे, की पांढरी वाइन वर्षाच्या आत संपवावी हा सर्वसाधारण सल्ला इथे चुकतो. चांगल्या उत्पादकाचा फियानो पाच-सहा वर्षांनी खरा उलगडतो. तेव्हा त्यात भाजलेल्या हेझलनटची, मधाची आणि धुराची छटा येते. यादीत जुने वर्ष दिसले तर ‘विकली न गेलेली बाटली’ असे समजून ती टाळू नका. ग्रेकोत मात्र थोडे जपून, कारण त्याच्या रसाचे ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बिघडणे, लवकर होते आणि हलगर्जीपणे केलेली वाइन लवकर थकते.

लाल रंगात आल्यानिको हेच मुख्य नाव, आणि त्याची सर्वांत प्रतिष्ठित वाइन म्हणजे ताउरासी. तिला 1993 मध्ये डी.ओ.सी.जी. मिळाला. नियमानुसार ती किमान तीन वर्षे मुरवावी लागते, त्यांतले एक वर्ष लाकडात. ‘रिझेर्व्हा’ लिहिले असेल तर चार वर्षे, त्यांतले अठरा महिने लाकडात. एवढे करूनही बाजारात येते तेव्हा तिचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जिभेला धरतो. म्हणून ताउरासी घ्यायची तर आठ-दहा वर्षांची घ्या. तेवढी जुनी नसेल तर पैसे वाचवा आणि ‘इर्पिनिया आल्यानिको’ किंवा ‘काम्पी ताउरासीनी’ मागा. द्राक्ष तेच, किंमत कमी, आणि वाइन लवकर पिण्याजोगी होते.

नेपल्सच्या जवळचे दोन वाण थोडक्यात. फालांघिना ही हलकी, लिंबासारखी ताजी पांढरी वाइन आहे, तळलेल्या मासळीबरोबर दुसरे काही शोधायची गरज नाही. पिएदिरोस्सो हे मऊ, कमी तुरट लाल द्राक्ष व्हेसुव्हियस आणि काम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या भागांत होते. तिथल्या वाळूसारख्या मातीत फायलोक्सेरा ही मुळांची कीड तग धरत नाही, म्हणून काही वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे डॉगरिज या वेगळ्या जातीच्या खुंटावर (मुळे असलेल्या बुंध्यावर) कलम करणाऱ्या बागायतदाराला हे पाहून नवल वाटेल.

जेवणाचे म्हणाल, तर ताउरासीबरोबर मुरलेले काचोकाव्हाल्लो चीज किंवा भाजलेले मटण उत्तम. घरी परतल्यावर तांबड्या रश्शाबरोबर ती उघडू नका, कारण तिखटाने टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) आणि अल्कोहोल दोन्ही अधिक बोचतात. कोळंबीच्या सौम्य, नारळाच्या कालवणाबरोबर फियानो मात्र छान लागते, आणि तीही बर्फासारखी गार न करता, फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या सहज बसतात. मी एक जुनी ताउरासी आणि एक लापिओची फियानो आणीन. बाटलीच्या तोंडाजवळ डी.ओ.सी.जी.ची क्रमांकित सरकारी पट्टी आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या, आणि घरी वाइनचा फ्रीज नसेल तर पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी दोन्ही संपवा.