धड इकडची ना तिकडची : सामाजिक सिम्युलेशनमध्ये पीएच.डी. करावी का?

दोन शाखांच्या सीमेवरचा विषय घेतला तर पुढे प्राध्यापकाची जागा कोणत्या विभागात मिळणार, ही शंका घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे पालक हल्ली वाढले आहेत. इंदूरच्या एका मराठी कुटुंबाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे. मुलीचे संगणकशास्त्रातील एम.टेक. संपत आले होते आणि कंपनीची नोकरीही ठरली होती. तिला मात्र उपयोजित कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सामाजिक सिम्युलेशन, म्हणजे समाजातल्या वागणुकीची संगणकावरची नक्कल, या विषयात संशोधन करायचे होते. “मॅडम, ही धड संगणकाची राहणार नाही आणि समाजशास्त्रवाले हिला आपली म्हणणार नाहीत,” असे वडील म्हणाले.

विषय काय आहे, हे मी तिलाच सांगायला लावले. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय वस्तीत कशी पसरते, याचे प्रारूप तिने नेटलोगो या मोफत प्रणालीत बांधले होते; त्यातील प्रत्येक घर शेजारच्या घरांकडे पाहून आपला निर्णय बदलत असे. आपल्यासारख्यांचा थोडासा शेजार हवा, एवढ्या सौम्य इच्छेतूनही वस्त्या मोठ्या प्रमाणात विभागल्या जाऊ शकतात, हे थॉमस शेलिंग यांनी १९७१मध्ये अशाच रीतीने दाखवले होते आणि २००५मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे ऐकल्यावर वडिलांचा सूर थोडा बदलला. २०२३पासून ठरलेल्या नियमांनी वागणाऱ्या अशा घरांच्या किंवा पात्रांच्या जागी चॅटजीपीटीसारख्या भाषिक प्रारूपांवर चालणारी पात्रे वापरण्याचे प्रयोगही गाजत आहेत. मला त्यांचे आकर्षण कमी वाटते. ती पात्रे खऱ्या माणसांसारखी वागतात हे पडताळणार कसे, याचे उत्तर ज्या प्रबंधात नाही, तो परीक्षकांसमोर टिकणे कठीण असते. हा प्रश्न तिला विचारला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “प्रत्यक्ष वस्तीतली आकडेवारी गोळा करावी लागेल.” मला तेवढे पुरेसे वाटले.

वडिलांची शंका मात्र निराधार नव्हती. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठीच्या एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमांत बी.ई. व एम.टेक. ‘संबंधित शाखेत’ असावे लागते आणि निवड समिती प्रबंधाच्या शीर्षकाआधी पदवीवरील शाखेचे नाव पाहते. म्हणून पीएच.डी.ची नोंदणी संगणकशास्त्र विभागातच करावी, सहमार्गदर्शक समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा घ्यावा आणि यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षासुद्धा संगणकशास्त्रातच द्यावी, असे मी सुचवले. शोधनिबंधांसाठी १९९८पासून निघणारे ‘जर्नल ऑफ आर्टिफिशियल सोसायटीज अँड सोशल सिम्युलेशन’ आहेच, पण निदान काही लेखन संगणकशास्त्राच्या परिषदांतही दिसावे.

पैशांचा मुद्दा वडिलांनी शेवटी काढला. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, हे दर २०२३चे; कंपनीच्या पगारापेक्षा ते कमीच होते आणि मी तसे स्पष्ट सांगितले. संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहून त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे विचारायचे आणि उत्तरे येईपर्यंत कंपनीला नकार कळवायचा नाही, एवढे त्या दिवशी ठरले.